सोन्याची माशी आणि भिंतीवरचे नाव



गेल्या सत्रात आपल्या वर्गाची सहल ब्रिटिश म्युझियमला गेली होती, ते तुम्हांला आठवत असेलच. म्युझियम पाहून झाले, डबे खाऊन झाले, आणि आम्ही सगळे मागच्या बाजूने चालत निघालो. वाटेत केपेल स्ट्रीट लागला. तिथे एका मोठ्या दगडी इमारतीच्या सज्ज्यांना सोनेरी रंगाचे जीवजंतू लावलेले आहेत. मुलांनी ते भराभर ओळखले. हा डास, ही पिसू, हा ढेकूण, हा उंदीर, हा नाग. एका सज्ज्यावर मात्र एक माशी होती. एवढ्या मोठ्या इमारतीला माशी कशासाठी लावली, आणि तीही सोन्याची, असे आपल्या वर्गातल्या एका छोट्या मुलीने विचारले. आम्ही चार पालक बरोबर होतो. चौघेही शिकलेले, पण एकालाही उत्तर देता आले नाही. शेवटी घरी येऊन आम्ही वाचायला बसलो. त्या वाचनातून हा लेख तयार झाला.

ती इमारत म्हणजे लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन. उष्ण प्रदेशांतल्या रोगांचा अभ्यास तिथे होतो. इमारत १९२९ साली उघडली, तेव्हा तिच्या भिंतीवर वरच्या बाजूला २३ जणांची आडनावे दगडात कोरण्यात आली. पाश्चर, कॉख, जेन्नर ही नावे तुम्हांला शाळेत भेटली असतील. हिवताप डासामुळे होतो याचा धागा १८९७ साली सिकंदराबादला ज्यांच्या हाती लागला, त्या रोनाल्ड रॉस यांचेही नाव तिथे आहे. त्याच रांगेत ब्रूस असे एक नाव आहे. सज्ज्यावरची ती माशी म्हणजे आफ्रिकेतली त्सेत्से माशी, आणि तिचे बिंग फोडणारे डॉक्टर म्हणजे हे ब्रूस.

खेळाडू व्हायचे होते

डेव्हिड ब्रूस यांचा जन्म २९ मे १८५५ रोजी ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे झाला. त्यांचे आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. तेव्हा ऑस्ट्रेलियात सोने सापडत होते. वडील इंजिनियर होते आणि खाणीतला दगड फोडण्याची यंत्रे बसवायला तिकडे गेले होते. म्हणजे आईवडील कामासाठी परदेशी गेले आणि मूल तिथे जन्मले, अशी ही कथा. आपल्या वर्गातल्या बहुतेकांना ती ओळखीची वाटेल. डेव्हिड पाच वर्षांचा असताना घर पुन्हा स्कॉटलंडला, स्टर्लिंग गावी आले.

चौदाव्या वर्षी शाळा सोडून डेव्हिड मँचेस्टरला एका व्यापाऱ्याकडे नोकरीला लागला. अंगाने धिप्पाड, खेळांची आवड, त्यामुळे पुढे खेळाडूच व्हायचे असे त्याने ठरवले होते. पण सतराव्या वर्षी न्यूमोनियाने अंथरूण धरायला लावले आणि तो बेत सुटला. पुढे १८७६ साली तो एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला. आधी प्राणिशास्त्र शिकू लागला, मग वैद्यकाकडे वळला आणि १८८१ साली डॉक्टर झाला.

डॉक्टर झाल्यावर ब्रूस इंग्लंडमध्ये रायगेट येथे काम करू लागले. तिथे त्यांची मेरी एलिझाबेथ स्टील यांच्याशी ओळख झाली. मेरी याही एका डॉक्टरांच्या कन्या. १८८३ साली दोघांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी ब्रूस सैन्याच्या वैद्यकीय खात्यात दाखल झाले. मेरी यांचे नाव नीट लक्षात ठेवा, कारण इथून पुढे ही गोष्ट एका माणसाची उरत नाही.

माल्टाचा ताप

पहिली मोठी बदली झाली माल्टा बेटावर, १८८४ साली. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना एक विचित्र ताप यायचा. तो चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा आणि महिनोन् महिने माणसाला सोडायचा नाही. ब्रूस यांनी या तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक बारीक जंतू वेगळा काढला आणि १८८७ साली तो जाहीर केला. या जंतूच्या जातीला पुढे १९२० साली त्यांच्यावरून ब्रुसेला हे नाव मिळाले.

पण जंतू सापडला म्हणजे कोडे सुटले असे नव्हे. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे त्यांना माल्टात असताना उमगले नाही. ते समजायला १९०५ साल उजाडावे लागले, आणि ते शोधून काढले थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरांनी. बेटावरच्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून हा जंतू येत होता. ब्रूस तेव्हा त्या चौकशी समितीचे प्रमुख होते. १९०६ साली सैनिकांना शेळीचे कच्चे दूध देणे बंद झाले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला.

माल्टातच मेरी यांनी प्रयोगशाळेचे काम हाती घेतले. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरणे, त्याला रंग देणे, सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास पाहणे आणि जे दिसेल त्याचे हुबेहूब चित्र काढणे, यात त्या तरबेज झाल्या. सूक्ष्मदर्शकातून फोटो काढणे तेव्हा फार कटकटीचे होते. त्यामुळे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि चित्र काढणाऱ्याच्या हातावर सारी मदार असे.

टेकडीवर माणसे, खाली माशा

१८९४ साली ब्रूस पतिपत्नी दक्षिण आफ्रिकेत गेले. नाताळ प्रांताचे गव्हर्नर हेली-हचिन्सन यांनी त्यांना माल्टात काम करताना पाहिले होते. झुलूलँडमध्ये गुरे आणि घोडे नगाना नावाच्या रोगाने पटापट मरत होते. नगाना हा झुलू भाषेतला शब्द. जनावर मलूल होऊन खाली मान घालते, त्यावरून तो आला. जनावराला ताप यायचा, डोळ्यांतून पाणी गळायचे, खाऊनही ते वाळत जायचे आणि शेवटी मरायचे. शेतकऱ्याची गुरे गेली म्हणजे त्याचे दूध गेले, नांगर गेला आणि साठवलेले धनही गेले. गावाकडे गोठा पाहिलेल्या आजीआजोबांना हे वेगळे सांगायला नको.

बैलांच्या गाडीतून लांबचा प्रवास करून दोघे उबोम्बो नावाच्या टेकडीवर पोचले. राहायला कुडाच्या भिंतींची झोपडी. तीच प्रयोगशाळा आणि तेच घर. टेकडीची जागा मात्र प्रयोगाला अगदी सोयीची होती. वर माशा नव्हत्या आणि जनावरे धडधाकट राहत. खाली सखल रानात माशा होत्या आणि तिथे गेलेले जनावर आजारी पडे.

नगाना कशामुळे होतो याबद्दल तिथे दोन मते होती. गोऱ्या शिकाऱ्यांचे आणि प्रवाशांचे म्हणणे असे की त्सेत्से माशीच विषारी आहे, सापासारखी. झुलू लोक म्हणत की रानातली मोठी जनावरे गवत आणि पाणी बाटवतात, त्यातून हा रोग येतो. ब्रूस यांनी आधी आजारी जनावरांचे रक्त तपासले. त्यात तांबड्या पेशींच्या गर्दीत इकडून तिकडे वळवळणारा, माशासारखा लवचिक, एकपेशीय जीव दिसला. हा ट्रिपॅनोसोम. तो दुसऱ्याच्या अंगात राहून त्याच्यावर जगतो, म्हणून त्याला परजीवी म्हणायचे. निरोगी जनावरांच्या रक्तात तो नव्हता.

काम रंगात आले आणि एवढ्यात विषमज्वराच्या साथीसाठी ब्रूस यांना नाताळला परत बोलावण्यात आले. १८९५ साली दोघे पुन्हा उबोम्बोला आले आणि मग खरी परीक्षा सुरू झाली.

पालकांपैकी आमच्यासारखे जे कॉम्प्युटरच्या धंद्यात आहेत, त्यांना ब्रूस यांची रीत लगेच पटेल. प्रोग्राम बिघडला की आपण एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो. दोन बदलल्या तर दोष कोणत्या गोष्टीत होता ते कळत नाही. ब्रूस यांनी तेच केले. खालच्या रानातले गवत आणि पाणी टेकडीवर आणून निरोगी जनावरांना दिले. त्यांना काही झाले नाही. मग घोड्यांची तोंडे बांधून, म्हणजे चरता किंवा पिता येणार नाही अशी व्यवस्था करून, त्यांना काही तास खालच्या रानात नेले आणि परत आणले. ते घोडे आजारी पडले. म्हणजे दोष चाऱ्यात किंवा पाण्यात नव्हता. मग खालच्या माशा पकडून टेकडीवर आणल्या आणि तिथल्या निरोगी घोड्याला चावू दिल्या. घोडा आजारी पडला, आणि त्याच्या रक्तात तोच वळवळणारा जीव दिसला.

अजून एक प्रश्न उरला होता. खालच्या रानात पाळीव जनावरे फार नव्हती, मग माशीला हा परजीवी मिळतो कुठून? ब्रूस यांनी रानटी जनावरांचे रक्त काढून कुत्र्यांना टोचले. वरवर अगदी ठणठणीत दिसणाऱ्या काही रानजनावरांच्या रक्तातूनही कुत्र्यांना नगाना झाला. म्हणजे रानजनावर हे कोठार आणि माशी ही वाहक. मुलांनो, गंमत पाहा. शिकारी म्हणत होते माशी, झुलू म्हणत होते रानजनावरे. दोघांकडेही सत्याचा अर्धा अर्धा भाग होता. ब्रूस यांचे मोठेपण असे की त्यांनी दोघांचे ऐकून घेतले, पण दोघांवरही तपासल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. त्यासाठी कितीतरी घोडे आणि कुत्रे जिवाला मुकले, हेही आपण विसरू नये.

या परजीवीला १८९९ साली ट्रिपॅनोसोमा ब्रुसेई असे नाव देण्यात आले. पण टेकडीवरच्या त्या झोपडीत काचपट्ट्या रंगवणाऱ्या आणि तपासणाऱ्या मेरी यांचे नाव त्यात कुठेच नाही.

त्याच वर्षी बोअर युद्ध सुरू झाले आणि दोघे लेडीस्मिथ शहराच्या वेढ्यात अडकले. हा वेढा ११८ दिवस चालला. ब्रूस यांनी तिथे इस्पितळ सांभाळले आणि शस्त्रक्रिया केल्या. मेरी शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिकेचे काम करत होत्या. त्या कामासाठी त्यांना रॉयल रेड क्रॉस हा सन्मान मिळाला.

सरोवराच्या काठी

आता माणसांच्या रोगाकडे येऊ. युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी १९०० च्या सुमारास एक भयंकर साथ सुरू झाली. आधी ताप, डोकेदुखी, मानेमागे गाठी. मग महिन्यांनी माणूस वेड्यासारखा वागू लागे. दिवसा झोप आवरेना, रात्री झोप लागेना. शेवटी जेवता जेवता त्याचे डोळे मिटत आणि काही काळाने तो दगावे. हा निद्रारोग. या साथीत काही वर्षांत सुमारे अडीच लाख माणसे मेली असा अंदाज आहे. काठावरची गावेच्या गावे ओस पडली.

लंडनहून पाठवलेल्या पहिल्या समितीत आल्डो कास्टेलानी नावाचे तरुण इटालियन डॉक्टर होते. रोग्यांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात त्यांना १९०२ साली ट्रिपॅनोसोम दिसले. १९०३ च्या मार्चमध्ये ब्रूस पतिपत्नी एंटेबेला पोचले, तेव्हा कास्टेलानी यांनी ही गोष्ट ब्रूस यांना सांगितली. ट्रिपॅनोसोम हे नाव कानी पडताच ब्रूस यांना उबोम्बोची टेकडी आठवली नसती तरच नवल. पुढे या शोधाचे श्रेय कोणाचे यावरून बरीच वर्षे वादावादी झाली. शहाणी माणसेही श्रेयासाठी भांडतात, हे मुलांनी पाहून ठेवावे.

माणसालाही त्सेत्सेच हा रोग देते का, हे आता पाहायचे होते. टेकडी आणि सखल रान अशी सोय इथे नव्हती. ब्रूस यांनी नकाशाचा आधार घेतला. बुगांडाचे पंतप्रधान अपोलो काग्वा, गावोगावचे मुखिया आणि मिशनरी यांना त्यांनी मदतीला घेतले. सगळीकडून माशा पकडून मागवल्या. माशी कुठे सापडली हे प्रत्येक वेळी लिहून पाठवायचे. मग एका नकाशावर माशीची ठिकाणे मांडली आणि दुसऱ्यावर रोगाची. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तर सरोवराच्या काठाने आणि बेटांवरून जाणारा तोच पट्टा दोन्हींवर दिसला. काठाच्या झाडीत जिथे माशी, तिथे रोग. आत कोरड्या मुलखात माशी नाही आणि नवा रोगही नाही. जोडीला प्रयोगही केले. रोग्यांना चावलेल्या माशा माकडांना चावू दिल्या आणि त्या माकडांच्या रक्तात ट्रिपॅनोसोम आले.

थोडक्यात, प्रयोग ब्रूस यांचा, पण माशा पकडल्या त्या तिथल्या लोकांनी. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

मग सरकारने काय केले? १९०६ नंतर गव्हर्नर हेस्केथ बेल यांनी सरोवराचा काठ आणि पुढे बेटेही रिकामी करवली. साथ ओसरली हे खरे. पण जे पिढ्यान् पिढ्या मासेमारी करून जगत होते, त्यांना होड्या, घरे आणि केळीच्या बागा सोडून आत जावे लागले, आणि परतायला अनेक वर्षे लागली. माशी कोठे आहे ते नकाशा दाखवतो. तिथल्या माणसांनी कोठे जायचे ते नकाशा सांगत नाही. शोध शास्त्रज्ञाचा असतो, पण त्याची किंमत पुष्कळदा दुसराच मोजतो.

एक चूक आणि तिची दुरुस्ती

ब्रूस यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. त्यांना वाटत होते की माशी ही घाण सुईसारखी आहे. एकाचे रक्त सोंडेला लागले की ते दुसऱ्याच्या अंगात टोचले जाते, बस्स. १९०९ साली फ्रीडरिश क्लाइने या जर्मन डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले की खरी गोष्ट वेगळी आहे. आजारी जनावराला चावलेली माशी नंतर बरेच दिवस कोणालाही रोग देत नाही. तीनएक आठवडे गेल्यावर मात्र ती रोग देऊ लागते. कारण परजीवी आधी माशीच्या पोटात वाढतो, रूप बदलतो, मग तिच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतो. पुढच्या वेळी माशी चावली की लाळेबरोबर तो आपल्या अंगात उतरतो. माशी म्हणजे त्याचे दुसरे घरच. डासाच्या पोटात असेच घडते हे पॅट्रिक मॅन्सन यांनी हत्तीपायाच्या कृमीबाबत १८७७ साली दाखवले होते, आणि रॉस यांनी हिवतापाबाबत.

ब्रूस तेव्हा पुन्हा युगांडातच होते. त्यांनी हट्ट धरला नाही. क्लाइने यांचा प्रयोग स्वतः करून पाहिला, तो खरा निघाला, आणि आपले आधीचे मत त्यांनी बदलले. आम्हांला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

१९०८ साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि मेरी झाल्या लेडी ब्रूस. १९११ ते १९१४ या काळात दोघे न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, काम करत होते. तिथल्या शोधनिबंधांवर इतर डॉक्टरांच्या शेवटी लेडी ब्रूस हे नाव छापलेले आहे. लग्नाला तीस वर्षे होत आली तेव्हा मेरी यांचे नाव कामावर आले, तेही नवऱ्याच्या आडनावाने.

माशीच्या मुलखातली रानजनावरे मारून टाकावीत, असेही ब्रूस यांनी तिथून सुचवले. त्यावर मोठा गदारोळ झाला. पुढे आफ्रिकेत काही ठिकाणी या विचाराने हजारो हरणे आणि गवे मारले गेले. आज तसे करत नाहीत. त्सेत्सेची मादी एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि तिला दर नऊ-दहा दिवसांनी जन्म देते. इतकी कमी पिल्ले होणारी माशी थोड्या थोड्या मारल्या तरी हटते. म्हणून निळ्या कापडाचे, औषध लावलेले छोटे पडदे नदीकाठी लावतात. माशीला निळा रंग आवडतो. ती येऊन बसते आणि मरते.

शेवटचे चार दिवस

पहिल्या महायुद्धात ब्रूस सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुख होते. धनुर्वात आणि खंदकातला ताप यांवरच्या कामाची धुरा त्यांच्याकडे होती. १९१९ साली ते निवृत्त झाले. २३ नोव्हेंबर १९३१ रोजी मेरी वारल्या. चार दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, त्यांचे अंत्यविधी चालू असतानाच डेव्हिड ब्रूस यांनीही प्राण सोडला. आपले चरित्र कोणी लिहिलेच तर त्यात मेरी यांच्या कामाला पुरते श्रेय द्यावे, अशी त्यांची शेवटची इच्छा होती. ज्यांनी झोपडीत, वेढ्यात आणि तंबूत जवळजवळ पन्नास वर्षे एकमेकांच्या शेजारी बसून काम केले, त्यांच्यातल्या एकाला तरी हे नीट माहीत होते की भिंतीवर कोरलेले ब्रूस हे नाव दोघांचे आहे.

आपल्याकडची गोष्ट

हे सगळे आफ्रिकेतले, आपला काय संबंध, असे कोणाला वाटेल. त्सेत्से माशी भारतात नाही हे खरे. पण तिच्या परजीवीचा एक चुलत भाऊ आहे. घोडे, उंट आणि गुरे यांना होणारा सर्रा हा रोग त्याच्यामुळे होतो. तो सापडला १८८० साली, पंजाबात, ग्रिफिथ इव्हान्स या सैन्यातल्या पशुवैद्यांना, म्हणजे ब्रूस यांच्याही आधी. सर्रा पसरवते ती आपली गोठ्यातली गोमाशी. आणि ती मात्र ब्रूस यांच्या पहिल्या कल्पनेप्रमाणे, घाण सुईसारखीच पसरवते. परजीवी तिच्या पोटात वाढत नाही. एका जनावरावरून उडून ती लगेच दुसऱ्याला चावली की काम झाले.

हा परजीवी माणसाला सहसा काही करत नाही, कारण आपल्या रक्तातले एक प्रथिन त्याला मारून टाकते. पण २००४ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. माणसाला सर्राच्या परजीवीची बाधा झाल्याचा हा पहिलाच पक्का पुरावा होता. पुढच्या तपासात कळले की त्या प्रथिनाची त्यांच्या शरीरात जन्मतःच उणीव होती. सुरामिन हे जुने औषध देऊन ते बरे झाले. म्हणजे उबोम्बोच्या टेकडीवर सुरू झालेला धागा आपल्या विदर्भातल्या शेतापर्यंत येतो.

आणि युगांडा? १९९८ साली आफ्रिकेत निद्रारोगाचे जवळजवळ ४०,००० रोगी नोंदले गेले होते. २०१८ पासून ही संख्या दर वर्षी १,००० च्या खाली राहिली आहे. पूर्वी आर्सेनिकयुक्त औषध शिरेतून द्यावे लागे आणि त्यानेही काही रोगी दगावत. आता पोटात घेण्याच्या गोळ्या निघाल्या आहेत. या परजीवीवर लस मात्र नाही, कारण तो आपल्या अंगावरचे आवरण सारखे बदलतो आणि शरीराला ओळख पटेपर्यंत वेश पालटून मोकळा होतो. तरीही २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की निद्रारोगाचा मुख्य प्रकार युगांडात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही. ज्या देशात अडीच लाख माणसे गेली, तिथे हे घडले आहे.

केपेल स्ट्रीटवरच्या भिंतीचेही थोडे राहिले. १९२९ साली कोरलेली ती २३ नावे सगळी पुरुषांची होती. २०१९ साली तीन स्त्रियांची नावे तिथे आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मेरी क्यूरी आणि कुष्ठरोगावरच्या औषधावर काम करणाऱ्या अ‍ॅलिस बॉल. मेरी ब्रूस यांचे नाव त्यांत नाही.

तर त्या छोट्या मुलीला आमचे उशिराचे उत्तर असे. माशी सोन्याची आहे, कारण ती काय करते हे ओळखायला सोन्याहून मोलाची वर्षे खर्ची पडली. पुढच्या वेळी तिथून जाल तेव्हा मान वर करून ब्रूस हे नाव शोधा. ते एकदा वाचा, आणि मनात दोनदा म्हणा. एकदा डेव्हिड यांच्यासाठी आणि एकदा मेरी यांच्यासाठी.

आणि एक घरचा अभ्यास. आपल्या घरात, गोतावळ्यात किंवा वर्गात कोणाचे काम दुसऱ्याच्या नावावर जमा होते ते शोधून पाच ओळी लिहून आणा. आईला विचारायला विसरू नका.